लोटलीचे नऊ थर

बेळगावहून चोर्ल्याच्या घाटाने गोव्यात उतरणाऱ्याला समुद्र पहिल्या दिवशी भेटत नाही. आधी भेटते ते रान. मग वळणावळणांतून खाली अंजुण्याच्या धरणाचे पाणी चमकते, केरी, होंडा, उसगाव अशी गावे एकामागून एक येतात आणि फोंड्याजवळ पोचेपर्यंत देवळांच्या पाट्या सुरू होतात. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी! किनाऱ्यावरचा गोवा पाहायला विमानाचे तिकीट पुरते. हा आतला गोवा पाहायचा असेल तर रस्त्यानेच यावे, आणि मी तर म्हणेन, वाटेत कुठे तरी थोडे अडकावे. जो अडकत नाही त्याला गाव फक्त खिडकीतून दिसते.

फोंड्याच्या पुढे बोरी लागते आणि बोरीच्या पुलाखालून जुवारी वाहते. नकाशात ती नदी आहे. इतिहासात ती वेस होती. तिच्या दक्षिणेची साष्टी १५४३ सालीच पोर्तुगीजांकडे गेली. उत्तरेचा फोंडा महाल मात्र त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळ त्यांच्या राज्याबाहेर होता. सोळाव्या शतकात साष्टीतली देवळे पडू लागली, तेव्हा लोकांनी आपले देव उचलून नदीपार नेले. मंगेश कुठ्ठाळीहून गेला, शांतादुर्गा केळशीहून गेली आणि रामनाथ लोटलीहून गेला. फोंडा तालुक्यात रामनाथीला आज ज्याचे भव्य देऊळ आहे तो देव मूळचा लोटलीकर.

म्हणजे बोरीचा पूल ओलांडून आपण लोटलीत शिरतो, तेव्हा देव ज्या वाटेने गेला तिच्या बरोबर उलट चाललेले असतो. गाव सोडून जाण्याची परंपरा लोटलीत अशी साडेचारशे वर्षांची आहे. आणि मागे राहून घर धरून बसण्याची परंपराही तितकीच जुनी आहे. वाचकहो, मला सांगायची आहे ती हकीकत या दुसऱ्या परंपरेतली.

लोटली हे मोठ्या घरांचे गाव. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौले, शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवलेल्या जुन्या खिडक्या, आणि दारापुढच्या पायऱ्या चढून गेले की दोन्ही अंगांना बसायला दगडी बाक. याला तिथे ‘बाल्कांव’ म्हणतात. संध्याकाळी त्यावर बसून येणाराजाणारा पाहणे, हा त्या गावचा धर्मनिरपेक्ष आन्हिकाचा भाग. व्यंगचित्रकार मारियो मिरांडा (१९२६-२०११) इथलेच. त्यांच्या चित्रांतले बाल्कांव, त्यावरची जाडी बाई, खाली झोपलेले कुत्रे आणि रस्त्यावरून सायकलने जाणारा पाववाला पाहून आपल्याला वाटते, की या गृहस्थाने केवढी कल्पनाशक्ती चालवली आहे. लोटलीत तासभर काढला की कळते, त्यांनी पुष्कळसे समोर पाहूनच काढले असले पाहिजे.

आम्ही मात्र तिथे तासभर नव्हे, एक अख्खा रविवार आणि एक रात्र काढली. डिसेंबर २०२३ मधला तो दुसरा रविवार. मी, आमच्या सौ. आणि आमची पद्मिनी असे तिघे पुण्याहून मडगावला एका स्नेह्यांकडे निघालो होतो.

पद्मिनी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९८६ सालची. तिचे कुळ सांगायला हवे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट गाड्या बाहेर पडू लागल्या. आधीच्या गुबगुबीत गाडीला आपल्या लोकांनी प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हटले. तिच्या मागून आलेली चौकोनी चेहऱ्याची अकराशे पुढे पद्मिनी झाली. विसाव्या शतकाबरोबर तिचे उत्पादनही संपले. आम्ही निघालो त्याच्या दीडेक महिना आधी, ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस, मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनीची शेवटची टॅक्सीही उतरली होती. खाजगी गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून कागद नवे करून घ्यावे लागतात. त्याची फी एप्रिल २०२२ पासून सहाशेची पाच हजार झाली. तपासणीचा दिवस आला की मला शाळेच्या परीक्षेपेक्षा जास्त घाम फुटतो. गाडी नीट असते. पण म्हाताऱ्या माणसाला दर वेळी आपण अजून चालते आहोत हे सिद्ध करावे लागते, त्यातला हा प्रकार आहे.

अशी गाडी ठेवणाऱ्याने ती चालवायला शिकणे हे निम्मे काम. उरलेले निम्मे म्हणजे ती स्वतः उघडून परत मिटता येणे. या गाडीचे इंजिन दहाशे एकोणनव्वद सी.सी.चे, सरळ साधे. बोनेट उघडले की प्रत्येक वस्तू दिसते आणि हात घालायला जागा असते. त्यामुळे डिकीत पान्यांची पिशवी, प्लग, फॅन बेल्ट, थोडी वायर, ग्रीसचा डबा आणि बॅटरीला चिमट्यांनी लावायचा एक हातदिवा एवढा संसार कायम असतो. सौ. त्याला ‘गाडीचा रुखवत’ म्हणतात.

बोरीचा पूल ओलांडून आम्ही लोटलीच्या चढाला लागलो आणि बोनेटच्या फटीतून वाफ येऊ लागली. पाठोपाठ कूलंटचा तो गोडसर वास. गाडी बाजूला घेतली ती एका बाल्कांवापुढे. दुपारचे दोन वाजले होते. बाल्कांवावर एक वृद्ध बाई मांडीवर परात घेऊन नारळ खवत बसल्या होत्या. त्यांनी वाफेकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “कितें जालें गाडयेक?”

“पाणी गळतंय बहुतेक,” मी म्हणालो.

“मग भितर हाड. वतांत उबी करूं नाका.” उन्हात उभी करू नका, आत आणा! पाहुण्याला घरात घ्यावे तसे त्यांनी गाडीला फाटकातून आत, आंब्याच्या सावलीत घेतले. सगळा वाडा त्यांना आंटी म्हणे. दहा मिनिटांत आम्हीही म्हणू लागलो. वय पंच्याहत्तरच्या पुढे, अंगात फुलाफुलांचा झगा, आणि नजर सोनाराची.

मडगावच्या ओळखीच्या एका मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, “उद्या सकाळी दहाला. आज आयतार.” साष्टीत रविवारी दुपारी मेकॅनिक बोलावणे म्हणजे आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सुतार बोलावण्यासारखे. तेव्हा जे काही करायचे ते आपल्याच हाताने. पण लगेच काही करता येत नाही. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. आत पाणी दाबाखाली असते, म्हणून ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवताच दाब जातो आणि सगळे पाणी एकदम उसळून तोंडावर येते. इंजिन निवेपर्यंत तास-दीड तास गप्प बसायचे.

त्या दीड तासात आम्हाला कळले की त्या घरातही आज एक घड्याळ लागले होते.

आंटी बिबिंक करणार होत्या. आपण ज्याला बेबिंका म्हणतो तीच ही गोव्याची थराथरांची मिठाई, २०२३ सालीच तिला भौगोलिक मानांकन मिळाले. जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात १६०६ पासून जोगिणी राहू लागल्या. त्यांतल्या बिबियाना नावाच्या एकीने ती प्रथम केली अशी आख्यायिका आहे. मठात अंड्यांतले पांढरे कपड्यांच्या खळीला जाई, उरलेल्या पिवळ्या बलकांचे काय करायचे, यातून ही जन्मली म्हणतात. थर सात, कारण लिस्बनच्या टेकड्या सात. आख्यायिका गोड आहे; पण करणे कठीण आहे. नारळाचे दाट दूध, दहा-बारा अंड्यांचे बलक, साखर, मैदा, जायफळ, आणि तूप. मिश्रण पातळ. भांड्यात आधी पळीभर तूप, त्यावर एक डाव मिश्रण, आणि ते वरून भाजायचे. वरचा पापुद्रा तांबूस झाला की पुन्हा तूप, पुन्हा मिश्रण, पुन्हा भाजणे. खालून आच दिली तर पहिला थर जळून कोळसा होईल, म्हणून पहिला थर सोडला तर सगळी आच वरून. एका थराला पंधरा ते वीस मिनिटे. घाई केली की दोन थर एकमेकांत मिसळतात आणि बिबिंकाचा शिरा होतो.

“किती थर करता?” सौ.नी नारळ खवायला हात लावत विचारले.

“नऊ,” आंटी म्हणाल्या. “आमच्या घरात नऊच.”

मग त्यांनी सांगितले ते असे. थोरला मुलगा मस्कतला. धाकटी मुलगी इंग्लंडात स्विंडनला. १९६१ च्या मुक्तीपूर्वी ज्यांचा जन्म गोव्यात झाला त्यांना व त्यांच्या मुलानातवंडांना लिस्बनमध्ये नोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट काढता येतो. ब्रिटन युरोपीय संघात होते तोवर त्या पासपोर्टावर गोव्याचे हजारो लोक तिकडे गेले, आणि स्विंडनमध्ये तर त्यांची वस्तीच झाली. ही मुलगी तेव्हाच गेली. तीन नाताळ तिला येता आले नाही. दर वर्षी बिबिंकाचा डबा मात्र जातो. या खेपेला शेजारचा मुलगा सोमवारी सकाळच्या गाडीने मुंबईला आणि तिथून विमानाने लंडनला निघाला होता. डबा त्याच्याबरोबर जायचा. म्हणजे बिबिंक आजच रात्री व्हायला हवे, नि रात्रभर निवायलाही हवे.

“ती कापून आधी थर मोजते,” आंटी म्हणाल्या. “दोन वर्षांमागे माझा हात दुखत होता, आठच केले. लगेच फोन. ‘ममा, आता तुला होत नाही, घराला कुलूप घाल आणि इकडे ये.’ थर मोजून ती माझे वय मोजते.”

हे त्यांनी हसत सांगितले. पण सांगून झाल्यावर खवणीवरचा हात थोडा थांबला. त्या घराला एकोणीस दारे होती. त्यातली किती उघडतात हे मी विचारले नाही.

साडेतीनला इंजिन निवले आणि त्याच सुमारास बिबिंकाचा पहिला थर विजेच्या भट्टीत गेला. भट्टीला घंटी होती. पंधरा मिनिटे झाली की ती स्वयंपाकघरातून ‘ट्रिंग’ करी आणि आंब्याखाली ऐकू येई. त्या घंटीवर दोन्ही कामे चालली.

पहिल्या घंटीपर्यंत मी गळतीचा उगम शोधला. पाणी वॉटर पंपाखाली ठिबकत होते. पंपातून पाणी दोन ठिकाणांहून येऊ शकते. पंपाच्या पोटाशी एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील गेले की पाणी तिथून येते आणि मग पंप उघडून सील बदलण्यावाचून गत्यंतर नाही. पण जिथे पंप इंजिनाला टेकतो त्या सांध्यातून पाणी येत असेल तर तिथले कागदी पॅकिंग तेवढे कुजलेले असते. कोरड्या फडक्याने सगळे पुसून बोट फिरवले. भोक कोरडे, सांधा ओला. दोष पंपाचा नव्हे, वयाचा होता.

दुसऱ्या घंटीच्या आधी शेजारचे एक गृहस्थ फाटकातून आत आले. हे तारवटी. बोटीवर काम करणाऱ्याला गोव्यात तारवटी म्हणतात. दर्यावर्दी माणसांची ही साष्टीची जुनी पैदास. यांनी तीस वर्षे बोटींच्या इंजिनघरात काढली होती. नमस्कार-चमत्काराऐवजी त्यांनी खाली वाकून इंजिनाकडे पाहिले, “ओहो, फियाट!” म्हणाले आणि एक स्टूल ओढून बसले. हात लावला नाही. दुसऱ्याच्या गाडीला विचारल्यावाचून हात लावू नये, हा शिष्टाचार ज्याला कळतो तो खरा कारागीर.

रेडिएटरच्या तळाची तोटी सोडून कूलंट टबात काढले, तेव्हा मात्र ते बोलले. “टब उंचावर ठेवा. कुत्रे येईल.” कूलंट गोड असते आणि विषारी असते, कुत्री-मांजरे ते चाटतात आणि मरतात. शिवाय पंधरा पावलांवर कोणी साखर-दुधाचे मिश्रण ढवळत होते. टब विहिरीच्या कठड्यावर झाकून ठेवला.

तिसऱ्या घंटीला डायनॅमोचा बोल्ट ढिला करून बेल्ट उतरवला. चौथ्या घंटीला पंप हातात आला. जुने पॅकिंग अर्धे पंपाला, अर्धे इंजिनाला चिकटलेले. ते बोथट सुरीने, धातूला चरा न पाडता खरवडायचे. चरा पडला तर नवे पॅकिंगही गळणार. मी खरवडत असताना तारवटींनी विचारले, “नवे पॅकिंग आहे?”

माझ्या रुखवतात सगळे होते, पंपाचे पॅकिंग नव्हते. ती काही रोज लागणारी वस्तू नव्हे.

“बोटीवर दुकान नसते,” ते म्हणाले. “जे आहे त्यातून करायचे.” आणि आंटींना हाक मारून त्यांनी केकच्या खोक्याचा पातळ पुठ्ठा मागवला. पुठ्ठा पंपाच्या तोंडावर ठेवायचा, हलू द्यायचा नाही, आणि गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने हळू ठोकत जायचे. धातूची धारच पुठ्ठा कापते. बोल्टांची भोकेही तशीच पडतात. हातोडी त्यांनी दाखवली, ठोकले मी. ठोकणे म्हणजे थोपटणे; त्यात जोर असा नाहीच. पंधरा मिनिटांत केकच्या खोक्यातून वॉटर पंपाचे पॅकिंग निघाले. त्याला दोन्ही अंगांनी ग्रीस लावून ते बशीत ठेवले.

पण ती पाचवी घंटी वाजलीच नाही. वीज गेली होती.

सुरुवातीला कोणी मनावर घेतले नाही. मग शेजारून बातमी आली की ट्रान्सफॉर्मरचे काही जळाले आहे आणि रविवार असल्याने वेळ लागेल. स्वयंपाकघरात मी दारापर्यंतच गेलो; ग्रीसच्या हातांना पुढे मज्जाव होता. भट्टीत पाचवा थर अर्धाकच्चा, पांढरट. बाजूला पातेल्यात चार थरांचे मिश्रण. आंटी खुर्चीवर बसल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच त्यांचे वय दिसत होते.

“आतां कितें करप?” त्या स्वतःलाच म्हणाल्या. “पाच थर पाठवले तर ती विमानाचे तिकीटच पाठवील.”

“पूर्वी वीज नव्हती तेव्हा कसे करायचे?” सौ.नी विचारले.

पूर्वी सासूबाई मातीच्या पसरट भांड्यात करीत, वर पत्र्याचे झाकण आणि त्यावर निखारे. भांडे माळ्यावर होते. पण सासूबाई गेल्याला चाळीस वर्षे झाली होती आणि तेव्हापासून आंटींनी निखाऱ्यावर बिबिंक केले नव्हते. निखारे जास्त झाले तर वरचा थर फोड येऊन करपणार, कमी पडले तर पांढरा राहणार. आच किती, हे सासूबाईंच्या हाताला ठाऊक होते. ते हातच गेले.

आता आमच्या सौ. राजापूरच्या. कोकणात मोठ्या काकडीचे धोंडस करतात. त्यालाही वर-खाली विस्तव लागतो, आणि लहानपणी झाकणावरचे निखारे हलवायचे काम यांच्याकडे असे. त्या म्हणाल्या, “आंटी, आच मी बघते. थर तुम्ही घाला.”

तारवटींनी माळ्यावरून भांडे उतरवले. मागच्या अंगणात करवंट्यांचा ढीग होताच. नारळाची सोडणे पेटली की भडकतात आणि विझतात. करवंटीचा निखारा टिकतो. करवंट्या पेटवून त्या जाळ सोडून लाल होईपर्यंत वाट पाहिली. भट्टीतल्या थाळ्यातून बिबिंक काढले तर मोडले असते, म्हणून थाळाच अलगद मातीच्या भांड्यात बसवला. खाली काही नाही. वर झाकण, आणि झाकणाच्या कडेने निखाऱ्यांचे कडे, मधोमध अगदी थोडे. मध्यभाग आधी भाजतो, कडा मागे राहतात, हे धोंडसाचे ज्ञान बिबिंकाला लागू पडले.

तोवर साडेपाच वाजले होते. फाटकाबाहेर पोंऽ पोंऽ करीत पोदेर आला. गोव्याचा हा पाववाला सकाळ-संध्याकाळ सायकलवरून दारोदार येतो. टोपलीत कोंड्याची पोळी, कडक उंडो, बांगडीसारखे काकण. पाव भाजण्याची ही विद्या साष्टीत जेजुइट पाद्र्यांबरोबर आली. पीठ फुगवायला माडाची ताजी सूर घालीत. पोदेराची भट्टी लाकडावर पेटते, तिला विजेचे सोयरसुतक नाही. त्याने अंगणातले निखारे पाहिले, सायकल लावली, झाकणाजवळ हाताचा तळवा धरून पाहिला आणि सौ.ना म्हणाला, “बरी आसा. मातशी उणी कर.” चांगली आहे, किंचित कमी कर. सौ.नी दोन निखारे उतरवले. एखाद्या गवयाने दुसऱ्याच्या तंबोऱ्याची खुंटी जरा फिरवून द्यावी तसे ते झाले.

मला पुण्याच्या जुन्या बेकऱ्या आठवल्या. दिवाळी जवळ आली की घरोघरच्या बायका नानकटाईचे पीठ आणि पत्र्याचे ट्रे घेऊन तिथे रांग लावीत. भट्टी बेकरीवाल्याची, पीठ आपले. आपला ट्रे ओळखू यावा म्हणून एखादी नानकटाईवर बदामाचा तुकडा, दुसरी चारोळी लावी. घरात भट्टी आली तेव्हा रांग संपली, आणि आच ओळखणारा तो तळवाही दृष्टीआड झाला.

सहाला अंधार पडला. निखाऱ्याच्या उजेडात थराचा रंग कळेना. सगळेच तांबडे दिसे. तेव्हा मी गाडीच्या बॅटरीला हातदिवा लावला आणि लांब वायरीने तो मागच्या अंगणापर्यंत नेला. लहान दिवा, दोन-तीन तास जळाला तरी बॅटरीला जड नाही. दिव्याचे काम वाटून घेतले. झाकण उघडायची वेळ आली की तो अंगणात जाई. थर घालून झाकण बसले की गाडीकडे परत येई. त्या फेऱ्यांत मी पंप जागेवर बसवला. बोल्ट एकामागून एक घट्ट करीत जायचे नसतात. आधी सगळे हाताने, मग समोरासमोरचे थोडे थोडे, पुन्हा एक फेरी, पुन्हा एक. एकच आधी आवळला तर पुठ्ठा एका अंगाला दबतो आणि दुसऱ्या अंगाने पाणी वाट काढते. आंटी तिकडे आठवा थर घालताना तूप सगळीकडे सारखे फिरवीत होत्या. मला त्या क्षणी दोन कामांत फारसा फरक दिसला नाही.

कूलंट फडक्यातून गाळून परत भरले, कमी पडले तेवढे विहिरीचे पाणी घातले. झाकण उघडेच ठेवून इंजिन चालू केले. आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते. पुष्कळ मेकॅनिक या गाडीतला थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. माझ्या गाडीत तो आहे. म्हणून वरच्या होजवर हात ठेवून वाट पाहायची. बराच वेळ तो गार राहतो, आणि थर्मोस्टॅट उघडला की एकदम कढत होतो. तसा तो झाला. तारवटींनी दिवा सांध्याजवळ धरला. आम्ही दोघे वाकून पाहत राहिलो. पाच मिनिटे, दहा मिनिटे. एक थेंब नाही.

“बंद करा,” ते म्हणाले. “आता ऐकू या.” मला वाटले इंजिनाचा काही आवाज. पण त्यांचा कान अंगणाकडे होता. तिथे आंटी मोजत होत्या, “णव.”

वीज रात्री साडेदहाला आली. बिबिंक तेव्हा ओसरीवर जाळीखाली निवत होते आणि आम्ही उंड्याबरोबर माशाचे हुमण जेवून बाल्कांवावर बसलो होतो.

सकाळी डबा बांधला गेला. शेजारच्या मुलाला मडगाव स्टेशनवर सोडायचे काम साहजिकच आमच्याकडे आले. आंटींनी फाटकाशी येऊन गाडीच्या टपावर हात ठेवला आणि “देव बरें करूं” म्हणाल्या. तो आशीर्वाद आम्हाला की गाडीला, याचा खुलासा त्यांनी केला नाही. मडगावपर्यंत मी तीनदा थांबून बोनेट उघडले. तिन्ही वेळा सांधा कोरडा.

पुण्याला आल्यावर मी पंपाला कारखान्याचे पॅकिंग बसवले. पुठ्ठ्याचे काढलेले फेकले नाही. कडेला केकच्या खोक्यावरची दोन गुलाबी अक्षरे राहिली आहेत. नमुना म्हणून ते पान्यांच्या पिशवीत आहे. पुढच्या वेळी त्यावरून दुसरे कापता येईल.

आठवड्याने सौ.ना आंटींचा फोन आला. मुलीने बिबिंक कापले, थर मोजले. नऊ. मग तिने एक तुकडा खाल्ला आणि बराच वेळ बोललीच नाही. खालचे चार थर नेहमीचे होते. वरच्या पाचांना धुराचा वास होता. तो वास तिला लहानपणीचा आठवला, वडील आजीच्या हातचा. कुलपाचे नि तिकिटाचे या वेळी काही निघाले नाही. तिने एवढेच विचारले, की ते मातीचे भांडे अजून आहे का, आणि मे महिन्यात मी आले तर मला निखाऱ्यावर करायला शिकवशील का.

“तू काय म्हणालीस?” सौ.नी मला ऐकू जावे म्हणून मोठ्याने विचारले.

आंटी म्हणाल्या, “मी म्हटले, भांडे आता माळ्यावर नाही. चुलीजवळ ठेवले आहे.”